बांधाला विळा लागत नाही

उंबरोलीच्या माळावर गवत कापायला निघालेल्या बावीस बाया विमानतळाच्या फाटकापाशी अडल्या, तो कोजागरीचा दुसरा दिवस होता. फाटकावर नवीकोरी पाटी लागली होती. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात एक झाड आणि झाडाच्या शेंड्यावर एक विमान. मंजुळा चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, "हरित विमानतळ. परवानगीशिवाय आत येऊ नये. गवत कापण्यास सक्त मनाई."

"इमान झाडावर कशाला बसवलाय गो?" शेवंतीने विचारलं.

"वाट चुकला असंल," मंजुळा म्हणाली आणि तिने फाटक हलवलं. फाटकाला कुलूप होतं.

आत खाकी कपड्यांत उभा होता नाथा, म्हणजे मंजुळाचाच नवरा. जूनमध्ये विमानतळ सुरू झाला तेव्हा गावातल्या ज्या तिघांना नोकरी मिळाली, त्यांतला हा एक. पाच महिने झाले तरी बुटांची सवय झाली नव्हती. दुसऱ्याचे पाय लावून आल्यासारखा चालायचा.

"अवं, उघडा की," मंजुळा म्हणाली.

"नाय उघडता येनार." नाथा बायकोकडे न बघता बोलत होता. "साहेबांचा हुकूम हाय. कुनालाच आत सोडायचा नाय."

"मी कुनी हाय काय?"

त्यावर नाथाने टोपी काढली, आत बघितलं आणि पुन्हा घातली. उत्तर टोपीत नव्हतं. बाया खो खो हसल्या, पण मंजुळा हसली नाही. वीस वर्षांत या माळावर तिला कोणी अडवलं नव्हतं.

हा माळ काय आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर एवढ्या बाया गवतासाठी का पेटल्या ते कळायचं नाही. १९४३ साली, लढाईच्या धामधुमीत, सरकारला कल्याणच्या बाजूला विमानं उतरवायला जागा हवी होती. आंबिवलीपलीकडचा उंबरोलीचा माळ सपाट आणि पाणी न साचणारा. महिन्याभरात चौदा घरांची नाचणी-वरीची वरकस शेतं घेतली, बांध फोडून भुईसपाट केले आणि मधोमध विमानं उतरायची पट्टी घातली. लढाई संपली की जमीन परत, असं तोंडी सांगितलं. लढाई संपली, इंग्रजही गेले, जमीन मात्र आली नाही. पुढे पन्नास वर्षं त्या पट्टीवर विमानापेक्षा जास्त मिरच्या वाळल्या.

१९८६ साली ही चौदा घरं अंगावर धुतलेले कपडे चढवून ठाण्याच्या एका कचेरीत गेली. तिथल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणाचं शेत कुठून कुठवर, याचा नकाशा आहे?" नकाशा तुमच्याकडेच असणार, असं म्हटल्यावर तो म्हणाला, "लढाईतले कागद आमच्याकडे नाहीत. आणि तिथे आता एकसुद्धा बांध नाही. उद्या कोणीही येऊन कुठलाही तुकडा आपला म्हणेल." मंजुळा सासऱ्याला, गोमाजीला, हाताला धरून घेऊन गेली होती. परतताना गाडी कळव्याच्या खाडीवर आली. तेव्हा म्हातारा एकदम म्हणाला, "बांध नाय बोलला. आंधळा हाय तो."

कारण बांध होते. मातीचे नव्हते, पण होते. उंबरोलीत नवी सून आली की पहिल्या कापणीला सासू तिला माळावर नेते आणि आपल्या शेताच्या कडेकडेने पायी फिरवते. हा उंबराच्या खोडापासून मोरीपर्यंत आपला, इथे काळा दगड, इथून वळायचं. मग बाया कापतात त्या आपापल्या जुन्या शेतातच, आणि जिथे पूर्वी बांध होता तिथे हातभर रुंदीचं गवत उभंच सोडतात. बांध दोन घरांचा. त्याला विळा लावायचा नाही, ही रीत. ते गवत जागेवर सुकतं, त्यात लावे अंडी घालतात, ससे दडतात. पन्नास वर्षं बायांनी अशी आपली शेतं गवतात राखून ठेवली होती. पुरुषांना यातलं फारसं ठाऊक नव्हतं. ते गवताचे भारे आंबिवलीच्या गवत दाबायच्या प्रेसवर पोचवायचे, तिथून ते गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, आणि त्यांचं काम तिथे संपायचं.

आणि दर वर्षी कापणी आटपून मंजुळा घरी आली की ओटीवर बसलेला गोमाजी एकच विचारायचा, "बांध राखलास?"

मंजुळा विळा कमरेला खोचून फाटकाबाहेरच्या कचेरीत, सरळ साहेबांच्या खोलीत निघाली. मागून धावत आलेल्या नाथाने तिला अडवल्यासारखं केलं, तिने ढकलल्यासारखं केलं, आणि दोघांचंही काम झालं.

आठल्येसाहेब डोंबिवलीला राहायचे. माणूस वाईट नव्हता, हे सांगून टाकलेलं बरं. गुलाबांची हौस, आवाज मऊ, आणि आपल्याला सगळं कळतं ही एकच खोड. दिल्लीची एक समिती छोटे विमानतळ बघत फिरत होती. ज्यांनी निसर्ग चांगला सांभाळला त्यांना प्रशस्तिपत्र मिळणार होतं, आणि ते आपल्याच भिंतीवर लागणार हे साहेबांनी ठरवून खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. बाजूच्या टेबलावर हेमा बसली होती. तिशीची, कळव्याहून येणारी, पर्यावरण अधिकारी. तिचं काम पाखरं मोजायचं आणि विमानाला त्यांची अडचण होणार नाही हे बघायचं.

"बाई, हे सगळं निसर्गासाठीच चाललंय," साहेब म्हणाले. "ते गवत बघा, कसं रानटी वाढलंय. ते काढून आपण तिथे सुंदर हिरवळ लावणार आहोत. कडेने गुलमोहर."

"साहेब, गवत हिरवाच हाय की."

"तसं नव्हे. हिरवळ म्हणजे लॉन. दोन बोटं उंच. गालिच्यासारखी."

"दोन बोटं?" मंजुळाला आता हसू आलं. "म्हंजे टिटव्यांना पाट मांडून बसवनार तुमी. पाखरू उंच गवतात उतरत नाय साहेब, त्याना भोवतालचा दिसत नाय. आमी वीतभर खुंट ठेवून कापतो, त्याच्यात पन उतरत नाय. तुमी भुई बोडकी करा, शंभर बगळे येतील. मंग तुमचा इमान कुठं उतरंल?"

हेमाने मान वर केली. साहेबांनी केली नाही.

"ते आमच्या तज्ज्ञांनी बघितलंय," ते म्हणाले. "उद्या ट्रॅक्टर येतोय. तुमचं चार दिवसांचं काम एका दिवसात."

"बरं. तवढे बांध सोडायला सांगा त्याला."

"कुठले बांध? तिथे एकसुद्धा बांध नाही."

तेच शब्द. सात वर्षांपूर्वी ठाण्यात ऐकलेले, अगदी तेच. मंजुळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला खूप बोलायचं होतं, पण राग आला की तिचे शब्द अडकायचे, हे तिचं जुनं दुखणं. ती नुसती म्हणाली, "हायत," आणि बाहेर पडली. वाटेभर तिला स्वतःचाच संताप येत राहिला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. बाया तारेबाहेर रांगेने उभ्या होत्या. नदीकडच्या बाजूने, तारेच्या कडेने, ट्रॅक्टर फिरायला लागला आणि शेवंतीने कपाळावर हात मारला.

"बाहेरून सुरवात केलीन गो मेल्यानं!"

उंबरोलीच्या बाया पट्टीकडून सुरुवात करतात आणि तारेकडे सरकत जातात. गवतात जीव असतात. मधून कापत गेलं की ते कडेला सरकतात आणि रानात निघून जातात. हा शहाणा बाहेरून गोल गोल फिरत आत चालला होता. बाया ओरडल्या, हात हलवले, एकीने वाळलेलं शेणसुद्धा फेकलं. ट्रॅक्टरवाल्याच्या मांडीवर रेडिओ होता. त्याला वाटलं बाया खूश झाल्यात. त्याने हात हलवला.

दुपारपर्यंत नदीकडचा अर्धा माळ बोडका झाला आणि त्या अर्ध्या माळावरचे ससे, लावे, उंदीर, धामणी सगळे पट्टीला लागून राहिलेल्या गवताच्या तुकड्यात गोळा झाले. तोही तुकडा तीन वाजता कापला. मग जे काही बाहेर पडलं ते पट्टीवर पडलं. वर घारी आल्या. भुईवर किडे उघडे पडले होते, ते टिपायला कुठून कुठून बगळे आले. टिटव्यांनी आरडाओरडा मांडला. साडेतीनचं विमान आलं, खाली बघून वर गेलं, पुन्हा आलं, पुन्हा वर गेलं. अशा तीन फेऱ्या मारून परत मुंबईला गेलं.

एरवी मंजुळाला मजा वाटली असती. पण शेवंती तारेला पाठ लावून खाली बसली होती. नदीकडच्या बाजूला तीन घरांची शेतं होती, त्यातलं एक शेवंतीच्या सासऱ्याचं. आता तिथे काहीच नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी भुई.

"सासू मेली तवा बोललेली मना," शेवंती म्हणाली. "शेवंते, तुना डागिना नाय दिला, बांध दिलाय. त्यो संबाळ."

मंजुळा तिच्या शेजारी बसली. तिचा हात हातात घेतला. शेवंती सत्तरीला आली होती. नवरा, मुलगा, दोघंही आधी गेले. त्या शेताच्या कडा माहीत असलेली ती शेवटची होती.

विमान परत गेलं म्हणून वरून साहेबांची कानउघाडणी झाली. साहेबांनी ती जशीच्या तशी गवतावर काढली. गवत आहे म्हणून किडे, किडे आहेत म्हणून पाखरं; तेव्हा मुळापासून सगळं मारायचं. राहिलेल्या अर्ध्या माळावर, गावाकडच्या, औषध फवारायचं. आठ दिवसांनी समिती येणार. तोवर जळलेलं गवत उचलून वर तयार हिरवळीच्या चटया पसरायच्या.

ही बातमी हेमाने आणली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मंजुळाच्या घरी आली, तेव्हा नाथा ओटीवर बूट पुसत होता आणि गोमाजी खांबाला टेकून बसला होता.

"मी नाही म्हणून सांगितलं त्यांना," हेमा म्हणाली. "लेखी दिलं. ते औषध उतारावरून तुमच्या तळ्यात जाईल, हे पण लिहिलं. साहेब म्हणाले, तुम्ही पाखरं मोजा. उद्या सकाळी आठला टँकर येतोय, मंजुळाताई."

"बांध?" गोमाजीने विचारलं. त्याला एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने थोडं. ऐकू मात्र सगळं यायचं.

"मुळासकट जळनार, बाबा," मंजुळा म्हणाली.

मग तिने भिंतीवरचा विळा खाली काढला.

"आमी जानार उद्या," ती म्हणाली. "सहा वाजता. अकरा शेतं राहिलीत, अकराही कापनार. गवतात बाया असल्यावर औषध कुनावर मारतात बघते."

"मी फाटक उघडनार नाय," नाथा बुटाकडे बघत म्हणाला. "नोकरी जाईल माझी."

"नका उघडू. तारेखालून जाऊ."

"तार नवीन हाय. साड्या फाटतील."

"फाटू देत."

हेमाला वाटलं आता भांडण होणार. झालं नाही. नाथा दुसरा बूट पुसायला लागला, आणि मंजुळाला त्याचा त्या क्षणी इतका राग आला की तिने रात्री त्याच्या ताटात भाकरी आपटली.

सकाळी सहाला बाया फाटकाशी आल्या तर फाटक सताड उघडं. नाथा वीस पावलांवर पाठमोरा उभा राहून गुलमोहराच्या रोपाला डब्याने पाणी घालत होता. डबा रिकामा होता. बाया त्याच्या मागून एकेक करून आत गेल्या. शेवटची शेवंती, तिचं शेत आता नव्हतं, तरी विळा घेऊन आली होती. ती आत गेल्यावर नाथाने वळून फाटक लावलं, कुलूप घातलं आणि जागेवर उभा राहिला.

आठला टँकर आला.

"फाटक खोल," टँकरवाला म्हणाला.

"साहेबांचा हुकूम हाय. कुनालाच आत सोडायचा नाय."

"अरे, साहेबानेच बोलवलंय आम्हाला!"

"हुकमात तसा काय नाय."

टँकरवाल्याने शिव्या दिल्या, भोंगा वाजवला, शेवटी विडी पेटवली. नऊ वाजता साहेबांची जीप आली. साहेब खाली उतरले, आत बघितलं. पट्टीच्या कडेपासून बावीस बाया ओळीने वाकलेल्या आणि एका लयीत सरकत चाललेल्या.

"नाथा, फाटक उघड."

आता हुकमाआड लपायची सोय उरली नव्हती. नाथाने दोन्ही खिसे चाचपले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने साहेबांच्या डोळ्यांत बघितलं.

"साहेब, चावी हरवली."

"हरवली? कुठे?"

"गवतात."

"मग शोध!"

"शोधतायत की, साहेब," नाथाने माळाकडे बोट दाखवलं. "बावीस जनी शोधतायत. गवत कापल्याबिगर दिसायची नाय."

टँकरवाला मोठ्याने हसला आणि साहेब लाल झाले. पोलिसांना बोलवीन म्हणाले, पण पोलीस, विळे घेतलेल्या बाया आणि विष भरलेला टँकर हे सगळं समितीच्या तोंडावर वर्तमानपत्रात आलं तर खिळा नुसताच राहील, हे त्यांना कळत होतं. ते तारेबाहेर येरझाऱ्या घालत राहिले.

अकराला विमान यायचं होतं. हेमा दुर्बीण घेऊन फाटकाच्या आतल्या टेकाडावर उभी राहिली. ती बायांच्या आधीच, साडेपाचला येऊन बसली होती. दहा चाळीसला मंजुळाने हात वर केला. विळे थांबले, सगळ्या जणी पट्टीपासून लांब, तारेच्या दिशेला सरकल्या आणि खाली बसल्या. नदीकडच्या बोडक्या भुईवर, पार काठाशी, अजून साठ-सत्तर बगळे होते. हेमाने ते मोजले आणि ट्रॅक्टरवाल्याच्या नावाने दोन शब्द पुटपुटली. गावाकडच्या बाजूला, वीतभर खुंटांवर, एकही नव्हता. विमान गावाकडून आलं, सरळ उतरलं, थांबलं.

हेमा तारेपाशी गेली. "साहेब, आठ दिवसांत हिरवळ उगवणार नाही आणि जळलेलं गवत लपणार नाही," ती म्हणाली. "हे मात्र आज डोळ्यांसमोर चालतंय. समितीला हेच दाखवा. तुमचीच कल्पना म्हणा हवं तर."

साहेबांनी पट्टीवर उभ्या विमानाकडे बघितलं. मग टँकरवाल्याला म्हणाले, "तुम्ही जा आता."

नाथाची नोकरी मात्र गेली. संध्याकाळी त्याने बूट, टोपी आणि ती गवतात हरवलेली चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली. घरी आल्यावर नाथा ओटीवर पाय पसरून बसला आणि बोटं मोकळी झाली म्हणाला. मंजुळाने त्या दिवशी ताटात भाकरी हलकेच ठेवली, आणि वर तुपाचा गोळा. तिला त्याच्याबद्दल जे वाटत होतं ते सांगायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

समिती विमानानेच आली. तिघे पुरुष आणि एक पांढऱ्या केसांच्या बाई, हातात कॅमेरा. उतरल्या उतरल्या त्या बाईंनी विचारलं, "वो लाइनें क्या हैं? ऊपर से दिखती हैं. मैंने तस्वीरें लीं."

साहेब खुलले. हेमाकडून पाठ करून घेतलेलं सगळं त्यांनी सांगितलं. वन्यजीवांसाठी राखलेले पट्टे, छोट्या प्राण्यांना आसरा, पट्टीवर एकही पाखरू नाही, पारंपरिक ज्ञान. गावातल्या बायांना बाजूला रांगेत उभं केलं होतं, हातात विळेसुद्धा धरायला लावले होते. बाईंनी साहेबांचं ऐकलं आणि मंजुळाकडे वळून तोच प्रश्न केला.

मंजुळाला हिंदी समजत होती. राग पुन्हा उसळला, पण या वेळी शब्द अडकले नाहीत.

"बांध हायत ते," ती म्हणाली. "आमच्या शेतांचे. लढाईत घेतलीत, परत दिली नाय. उंबराच्या खोडापासून मोरीपर्यंत गोमाजी बाळ्याचा. त्याच्या पलीकडं मोरीपासून काळ्या दगडापर्यंत धाकू पांडूचा. तिथून वर देवराम नाग्याचा..." एकेक शेत, एकेक घर, डावीकडून उजवीकडे. अकरा शेतं सांगून ती थांबली. हेमा प्रत्येक वाक्य हिंदीत सांगत होती आणि वहीत लिहीत होती.

"गावकऱ्यांच्या समजुती असतात," साहेब हसून म्हणाले. समितीतले पुरुषही हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हेमाला सांगितलं, "पूरा लिखिए."

प्रशस्तिपत्र आलं. खिळ्यावर लागलं. साहेबांनी पेढे वाटले आणि मंजुळाच्या घरीही पुडा पाठवला. गोमाजीने तो कुत्र्याला घातला.

जानेवारीत, संक्रांतीच्या नंतर, हेमा पुन्हा आली. हातात गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक होतं, विमानतळाचा अहवाल. तिने सतरावं पान उघडून मंजुळापुढे धरलं. समितीच्या बाईंनी विमानातून काढलेला फोटो. मधे राखाडी पट्टी, आणि तिच्या गावाकडच्या बाजूला, पिवळट भुईवर, उभ्या गवताच्या गडद रेषा. त्या रेषांनी आखलेली अकरा शेतं. प्रत्येक शेतात एक आकडा. खाली आकड्यासमोर नाव: गोमाजी बाळ्या, धाकू पांडू, देवराम नाग्या. शेवटी आठल्येसाहेबांची सही आणि विमानतळाचा शिक्का.

मंजुळाने ते तीनदा वाचलं.

"साहेबांनी सही केली? वाचलान नाय त्यानं?"

"त्यांचा स्वतःचा फोटो पान तीनवर आहे," हेमा म्हणाली. "ते तिथवर वाचतात. ताई, ही प्रत तुमची. आणखी पाच आणल्यात. ठाण्याला जाताना मी पण येईन. नकाशा आणा म्हणाले होते ना?"

बातमी ऐकून बाया ओटीवर जमल्या. मंजुळाने गोमाजीच्या मांडीवर पुस्तक ठेवलं आणि त्याचं बोट धरून उंबराच्या खोडापाशी नेलं. म्हाताऱ्याने हात सोडवून घेतला. पुढचं त्याचं बोट आपलं आपण चालू लागलं. मोरीपर्यंत गेलं, वळलं, काळ्या दगडापाशी थांबलं, पुन्हा निघालं. पन्नास वर्षांनी तो आपल्या बांधावरून चालत होता, आणि बघणाऱ्या बायांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, नाथाच्यासुद्धा. मग बोट पट्टी ओलांडून नदीकडे गेलं आणि अडलं.

"हितं काय नाय," गोमाजी म्हणाला. "हितं तिघांची शेतं होती."

सगळ्यांनी शेवंतीकडे बघितलं. ती दाराशी बसली होती. तिने पान बघायला मागितलंच नव्हतं.

मंजुळा तिच्यापाशी जाऊन बसली. "पुढल्या कोजागरीला पयला इळा तुझ्या वावरात," ती म्हणाली. "पट्टीकडून सुरवात करू, बांध सोडू. फोटो पुन्ना काढायला लावू. तुना कडा ठावं हायत ना?"

"मना नाय तर कुनाला?" शेवंती म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "पन कोजागरीपर्यंत कुनी बघितलाय? सत्तर वर्साची हाय मी. चल, आताच चालून दावतंय. सगल्याजनी चला. डोल्यांनी बघून ठेवा."

दुपारचे चार वाजले होते. त्या दिवसाचं शेवटचं विमान उतरून गेलेलं. नदीकडची तार कुठे सैल आहे हे नाथाला बरोबर ठाऊक होतं, पाच महिने उगाच पहारा केला नव्हता. त्याने ती वर उचलून धरली. एकवीस बायांनी पदरात एकेक धोंडा घेतला होता. शेवंती पुढे, मंजुळा तिच्यामागे. बोडक्या भुईवर खूण म्हणून काही नव्हतं, पण म्हातारी न अडखळता चालत होती. दर दहा पावलांना थांबून म्हणायची, "हितं," आणि एक बाई वाकून धोंडा ठेवायची.

फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्याने त्यांना बघितलं आणि जोरात शिट्टी फुंकली. एकीनेही मागे वळून बघितलं नाही.

"हितं," शेवंती म्हणाली, आणि मंजुळाने वाकून धोंडा ठेवला.